रिव्हेट काढू की राहू देऊ?

मागच्या अंकात माझ्या गॅरेजातल्या विमानाचा फोटो छापून आला आणि संपादकांनी आलेल्या पत्रांचा गठ्ठाच माझ्याकडे धाडला. ‘आता तुम्हीच निस्तरा’ म्हणाले. माझी ओळख थोडक्यात: मूळ गाव कोल्हापूर, वडिलांचं उद्यमनगरात लेथचं शॉप, सध्या मुक्काम अमेरिकेत विस्कॉन्सिन. नऊ वर्षं खपून दोन सीटचं आरव्ही-७ बांधलं, गेली सहा वर्षं ते उडवतोय. मी डिप्लोमावाला माणूस, त्यामुळे उत्तरं शॉपच्या भाषेत येतील. पत्रं काटछाट करून दिली आहेत.

काका, मी आयटीआयला शीट मेटलच्या ट्रेडला आहे. विमानाचं किट म्हणजे खोक्यात नक्की काय येतं? फर्निचरसारखं स्क्रूने जोडायचं असतं का?
*(एक विद्यार्थी, मिरज)*

नाही रे बाबा. तसलं फर्निचर दुपारी जोडायला घेतलं की रात्री त्यावर झोपता येतं. इथं पहिलं खोकं उघडलं की दोन दिवस नुसती यादी तपासण्यात जातात. आणि त्या खोक्यात अख्खं विमान नसतंच, फक्त शेपटी असते. शेपटी झाली, हात बसला, हौस टिकली, की मग पंख मागवायचे, मग धड, मग काच, चाकं, इंजिनावरचं झाकण वगैरेचं शेवटचं किट. इंजिन, पंखा (म्हणजे प्रॉपेलर) आणि घड्याळं (वेग, उंची दाखवणारी उपकरणं) वेगळी. पुष्कळांची हौस शेपटीतच फिटते. ते खोकं मग कोणीतरी निम्म्या किमतीत घेतं. माझी शेपटी अशीच दुसऱ्याच्या फिटलेल्या हौसेतून आली.

खोक्यात असतात ते निळ्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, काही अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. वाकवून आलेल्या रिब्स, स्पार, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या फासळ्या आणि कणा, आणि खाकी पाकिटांत रिव्हेट, म्हणजे ठोकून पत्रे कायमचे जोडणारे खिळे. पत्र्यावर भोकं कारखान्यातूनच मारून येतात आणि ती एकमेकांवर बरोबर बसतात. तू ट्रेडचा आहेस म्हणून सांगतो, जुन्या लोकांना हे सुख नव्हतं. त्यांनी लाकडी जिग बांधून, दोरा ओढून, एकेक भोक आखून मारलं. माझं किट ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ही कंपनी काढली आणि आजवर त्यांच्या आराखड्यांवरून लोकांनी घरी बांधलेली ११,००० हून जास्त विमानं उडाली आहेत.

एका भोकाचं आयुष्य ऐक. आधी क्लेको लावायचे. हे स्प्रिंगचे तात्पुरते खिळे, पत्रे एकमेकांवर धरून ठेवतात. ३/३२ इंचाच्या भोकाला चंदेरी, १/८ ला तांब्याच्या रंगाचे. मग भोक अखेरच्या मापाला न्यायचं. मग सगळं सोडवायचं. मग दोन्ही बाजूंची बर, म्हणजे भोकाच्या कडेची खरखरीत किनार, काढायची. मग डिंपल पाडायचा, म्हणजे चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसतो. मग प्रायमर. मग परत क्लेको, आणि मग कुठे रिव्हेट. माझ्या विमानात रिव्हेट किती ते मी पंधरा हजारांपुढे मोजायचं सोडून दिलं. प्रायमर लावावा की नाही यावर मात्र मत विचारू नकोस. कोल्हापुरी की पुणेरी मिसळ हा वाद त्याच्यापुढे फारच समजूतदारपणे चालतो.

तुझ्या हाताला आत्ता जे वळण लागतंय ते याच कामाचं आहे. कानस धरायला, बर काढायला आणि पत्रा वाकवताना कोपऱ्यात भेग जाऊ न द्यायला जो शिकला, त्याचं निम्मं शिक्षण झालं. मास्तरांनी ‘परत कर’ म्हटलं तर तोंड वाकडं करू नकोस.

एलेव्हेटरवर, म्हणजे शेपटीच्या वरखाली हलणाऱ्या पात्यावर, एका रिव्हेटचं मागचं डोकं तिरकं बसलं. ड्रिल करून काढला, नवा बसवला, तोही तिरका. तोही काढला. आता भोक मोठं झालंय. रात्री दोन वाजता गॅरेजमध्ये बसून तुम्हाला लिहितोय. पुढे काय करू?
*(न्यू जर्सीहून एक बांधकामवाला)*

पहिलं काम: दिवा बंद करा आणि झोपा. रात्री अकरानंतर काढलेल्या रिव्हेटनी माझे जेवढे पत्रे खराब झाले तेवढे ठोकलेल्या रिव्हेटनी झाले नाहीत.

आता सावकाश बोलू. रिव्हेटचं मागचं डोकं, म्हणजे बकिंग बारवर (मागून टेकवायच्या पोलादी ठोकळ्यावर) दबून तयार होतं ते, कसं असावं याचं माप अगदी सोपं आहे. रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंची निम्मी. तुमच्या ३/३२ च्या रिव्हेटला रुंदी ९/६४ इंच आणि उंची ३/६४. त्यासाठी ठोकण्याआधी रिव्हेट पत्र्याबाहेर जाडीच्या दीडपट डोकावला पाहिजे. पितळी पट्टीत दोन भोकं पाडून गेज करा आणि ते खिशात ठेवा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. थकलेल्या डोळ्याला प्रत्येक डोकं तिरकं दिसतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिला रिव्हेट मापात होता की नव्हता हे त्यात कुठेच नाही. ‘तिरका’ एवढंच आहे. थोडं कललेलं डोकं, ज्याच्याखाली भोकाची कड उघडी पडलेली नाही, भेग नाही, पत्र्यांत फट नाही, आणि उंची-रुंदी गेजमध्ये बसते, ते राहू द्यायचं असतं. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं. वडिलांच्या शॉपमध्ये जॉबवर ओरखडा दिसला की भंगारात, त्यामुळे मलाही प्रत्येक डोकं नाण्यासारखं हवं होतं. उजव्या एलेव्हेटरचे एकोणीस रिव्हेट मी एका शनिवारात काढले. त्यातले चौदा चांगले होते हे नंतर कळलं. काढल्यावर भोकं मात्र सात ठिकाणी लंबगोल झाली. सोमवारी नवा पत्रा मागवला.

काढायचाच असेल तर कारखान्यात बनलेल्या डोक्याच्या बाजूने काढा. भोकाच्या मापाचा किंवा एक नंबर बारीक ड्रिल घ्या, आणि फक्त डोक्याच्या जाडीपुरतंच जा. मग त्याच भोकात पंच घालून डोकं हलकेच कलतं करून तोडा. नंतर मागून लाकडाचा ठोकळा टेकवून उरलेला दांडा पंचाने बाहेर ढकला. आरपार ड्रिल मारण्याचा मोह होतो, तिथंच भोक फसतं.

तुमचं भोक आता मोठं झालंय, तर ‘ऊप्स रिव्हेट’ नावाची एक गोष्ट असते. नाव थट्टेचं, काम गंभीर. दांडा १/८ चा, डोकं मात्र ३/३२ च्या मापाचं, त्यामुळे तुमचा डिंपल तसाच वापरता येतो. पण आधी एक मोजा: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर नव्या रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. १/८ ला पाव इंच. तेवढं नसेल तर हात लावू नका, फोटो काढा आणि किट देणाऱ्यांच्या मदत-विभागाला पाठवा. रोज असलेच फोटो बघणं हेच तिथल्या लोकांचं काम. तुमचं भोक त्यांनी पाहिलेलं सर्वांत वाईट भोक असणं शक्य नाही, ती जागा माझ्या एका भोकाने पटकावून ठेवली आहे.

आणखी एक. दोन रिव्हेट एकाच जागी तिरके बसले म्हणजे दोष रिव्हेटचा नाही. बार पकडणारा हात थकलाय, किंवा तुम्ही एकटेच रिव्हेट ठोकायची गन आणि बार दोन्ही धरताय. एलेव्हेटरपर्यंत ते चालतं, पंखाला चालत नाही. आमच्याकडे बार माझी बायको धरायची. ती सांगलीची, बँकेत नोकरी, हातोडीला कधी हात लावलेला नाही. पंखाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून ती बार टेकवायची आणि म्हणायची ‘घे’. मी गन दाबायचो, दीड-दोन सेकंद, आणि ती म्हणायची ‘पुरे’. मला बाहेरून काहीच दिसत नसायचं. डोकं तयार झालं की नाही हे बारमधून तिच्या तळव्याला कळायचं. तिसऱ्या महिन्यापासून तिने ‘पुरे’ म्हटलेला एकही रिव्हेट मला काढावा लागला नाही. उलट मी घाई केली आणि गन घसरली की पत्र्यावर अर्धचंद्र उमटायचा. त्याला इथले लोक स्मायली म्हणतात. माझ्या डाव्या पंखावर असे चार आहेत, रंगाखाली. पाहुणे आले की ती ते बोट लावून दाखवते.

तेव्हा उद्या सकाळी कोणाला तरी बोलवा. तुमच्या जवळच्या विमानतळावर ईएएची शाखा असेलच. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली याच विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळ, ही घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली. शाखेत टेक्निकल काउन्सेलर असतात, स्वतः विमान बांधलेले, फुकट येऊन काम बघणारे. चहा मात्र करावा लागतो. गेज त्यांच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं होतं. तुम्ही मराठी असून परदेशी किट का घेता? त्यांच्या तंत्राने का बांधत नाही?
*(एक वाचक, दादर)*

‘वैमानिक शास्त्र’ या ज्या संस्कृत ग्रंथाचं नाव या कथेबरोबर घेतलं जातं, त्यातली विमानं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली. निष्कर्ष: ती उडू शकत नाहीत. मला त्यात बसायचं आहे हो.

हे भारतात करता येईल का? माझं वय ४१, नाशिकला वर्कशॉप आहे, पैशाची थोडी सोय आहे.
*(एक वर्कशॉपवाले, नाशिक)*

तुम्ही अमोल यादवांचं नाव ऐकलं असेल. मुंबईतल्या कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारा पायलट. किट नव्हे, स्वतःचा आराखडा, सहा सीटचं. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात बांद्रा-कुर्ला संकुलात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, व्हीटी-एनएमडी. चाचणीसाठी उडवायची परवानगी २०१९ मध्ये. या तारखा मुद्दाम देतोय. लोक गच्चीबद्दलच बोलतात, क्रेनने उतरवलं कसं वगैरे. मला मात्र विमान बांधून झाल्यावरच्या त्या वर्षांचं जास्त वाटतं. पत्र्याशी झुंजायला माणूस मनाने तयार असतो, वाट बघायला नसतो.

इथं अमेरिकेत कायद्याने माझं काम सोपं केलंय. नियम असा की विमानाचा निम्म्याहून मोठा भाग हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, स्वतः बांधलेला असला पाहिजे. ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात त्याला. पुरावा म्हणून मी रोजचा तास-हिशेब आणि फोटो ठेवले. तपासनीस आला, एक दिवस बघत बसला, कागदावर सही केली. दारापाशी ‘एक्सपेरिमेंटल’ असं निदान दोन इंची अक्षरांत लिहावं लागतं. आत आणखी एक पाटी, की हे हौशी माणसाने बांधलेलं विमान आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही. माझ्या सासऱ्यांनी ती पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि ‘मी गाडीनेच येतो’ म्हणाले.

तुमच्यासाठी माझा सल्ला उलट क्रमाचा आहे. किट मागवण्याआधी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमानांच्या सरकारी खात्याकडे, लेखी विचारणा करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत एक डॉलरही पाठवू नका. दरम्यान उडायला शिका. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा आहे आणि त्यांचं शिक्षण धुळ्यालाही चालतं, तुम्हाला नाशिकहून दूर नाही. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. आणि हाताला चटक लागली असेल तर सरावाचं छोटं किट मिळतं, पंखाच्या तुकड्याएवढं. परवानगी लागत नाही, उडतही नाही. पण ते बांधून झाल्यावर ‘मला विमान बांधायचंय की फक्त विमानात बसायचंय’ हे स्वच्छ कळतं. दुसरं उत्तर आलं तर त्यात कमीपणा काही नाही. वापरलेलं सेसना माझ्या विमानाला लागलेल्या पैशांत आलं असतं.

खर्च आणि वेळ? आकड्यांत सांगा.
*(अनेक पत्रं)*

वेळ: माझ्या वहीप्रमाणे २,३१० तास, नऊ वर्षांत. याहून निम्म्या वर्षांत करणारे आहेत. त्यांच्या घरी लहान मुलं नव्हती आणि त्यांच्या गॅरेजात हीटर होता. इथल्या जानेवारीत प्रायमर वाळत नाही, आणि प्लेक्सिग्लासची छत्री, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक छत, गारठ्यात कापली तर तडकते. मी तिच्यासाठी जुलैपर्यंत थांबलो आणि सर्वांत गरम दुपारी घाम गाळत कापली. पेट्रोलच्या टाक्यांना लावायचं काळं सीलंट केसांना लागलं की कातरीशिवाय निघत नाही, त्याचे तास वेगळे. टाकी गळते का हे बघायला तोंडाला फुगा बांधून ठेवायचा असतो. माझा फुगा रात्री चिमला आणि मी हवालदिल झालो. सकाळी उन्हं आल्यावर तो परत फुगला. टाकीत काही दोष नव्हता, हवा थंड झाली होती एवढंच. साबणाच्या पाण्याने शिवण तपासली, बुडबुडा नाही.

खर्च: किट एक वाटा, इंजिन आणि पंखा मिळून एक वाटा, बाकी उपकरणं, रंग, विमा, हत्यारं मिळून एक वाटा, असा ढोबळ अंदाज धरा. एकूण आकडा आमच्या घरात अजून जाहीर झालेला नाही, तेव्हा इथं छापता येत नाही.

ऑशकॉशच्या मेळ्याला यायचंय. एवढं काय असतं तिथं?
*(एक जोडपं, शिकागो)*

ऑशकॉश हे इथलं विस्कॉन्सिनमधलंच गाव, तिथं ईएएचा विमानांचा मेळा असतो, जुलैअखेर एक आठवडा. १९७० पासून तिथंच भरतो. त्या आठवड्यात त्या भागात १०,००० च्या आसपास विमानं उतरतात. रेडिओवर पायलटला बोलायलाच बंदी; खालचा माणूस दुर्बिणीतून बघून सांगतो, ‘निळ्या पट्ट्याचं विमान, पंख हलवा’. पंख हलवले म्हणजे ऐकू आलं. मग धावपट्टीवर रंगीत ठिपके आहेत त्यातल्या अमुक ठिपक्यावर चाकं टेकवा म्हणतो. एकाच धावपट्टीवर दोन-तीन विमानं एकामागून एक, वेगवेगळ्या ठिपक्यांवर. आषाढीला वाखरीला पालख्या एकत्र येतात तेव्हा जसं कुणी ओरडत नाही तरी सगळं पुढं सरकतं, तसं काहीसं वाटतं मला.

तुम्ही गाडीनेच जा. प्रदर्शनाच्या विमानांपेक्षा घरी बांधलेल्यांच्या रांगेतून चाला. मालक विमानाखाली खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला ‘कुठं चुकलं?’ एवढं विचारा. तासभर उठू देणार नाही.

माझा मुलगा ओहायोत असतो. सहा वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधतोय. आता मे महिन्यात पहिलं उड्डाण म्हणतो. सून काही बोलत नाही. मला मेलीला झोप नाही. भाऊ, हे सुरक्षित आहे का? खरं तेच सांगा.
*(एक आई, सदाशिव पेठ, पुणे)*

ताई, खरं तेच सांगतो, कारण माझ्या आईने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी खोटं बोललो होतो. ‘गाडीपेक्षा सुरक्षित’ म्हणालो. तसं नाही.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी मंडळाने, एनटीएसबीने, २०११ साली घरी बांधलेल्या विमानांचे २२४ अपघात तपासले. देशातल्या छोट्या विमानांत अशी विमानं सुमारे १० टक्के. पण त्या वर्षीच्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि जीव गेले अशा अपघातांत २१ टक्के. हे वाचून तुमची आणखी एक रात्र जाईल हे मला कळतंय, पण पुढचंही वाचा. अपघात कशाने झाले? सर्वांत जास्त इंजिन बंद पडल्याने आणि हवेत ताबा सुटल्याने. पंख गळून पडले असं आपल्या डोळ्यांपुढे येतं ना, ते नव्हे. अपघात झालेल्यांतली निम्म्याहून जास्त विमानं दुसऱ्याने बांधलेली, वापरलेली विकत घेतलेली होती. आणि विमानाच्या आयुष्याचे सुरुवातीचे तास जास्त धोक्याचे.

म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात बरंच काही आहे. पेट्रोल इंजिनापर्यंत पुरेसं पोचतं का हे जमिनीवर, नाक वर करून मोजून बघायचं असतं. स्वतःचं विमान उडवण्याआधी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात शिक्षकाबरोबर बसायचं असतं, कारण सहा वर्षं गॅरेजात घालवलेल्या माणसाचा उडवायचा हात गंजलेला असतो. माझा गंजला होता. चौदा तास शिकलो तेव्हा शिक्षक हसला. पहिले सहसा २५ किंवा ४० तास, इंजिन-पंख्याच्या जोडीप्रमाणे, ठरवून दिलेल्या भागातच चाचण्या करायच्या असतात. त्या काळात हौस म्हणून कुणालाही शेजारी बसवता येत नाही. नियमात बसणारा, त्या विमानाची सवय असलेला दुसरा पायलट मात्र सोबत घेता येतो. सूनबाईंना तो पहिल्या दिवशी नेणार नाही, एवढं तरी नक्की.

आता माझी एक गोष्ट, जी आईला कधीच सांगितली नाही.

पेट्रोलची नळी पंपाला जोडते तिथं नट असतो, विमानाच्या तळाच्या पत्र्याखाली. असे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळायचे आणि आवळून झाला की त्यावर नारिंगी लाखेची रेघ ओढायची. रेघ म्हणजे झालेलं काम. मी त्या संध्याकाळी ओळीने नट आवळत होतो आणि खालून हाक आली, ताट वाढलंय. जेवून परत आलो आणि सगळ्या नटांवर ओळीने रेघा ओढल्या. सगळ्यांवर.

पहिल्या उड्डाणाच्या दोन आठवडे आधी आमच्या शाखेतले एक म्हातारे आले. त्यांनी स्वतःची दोन विमानं बांधलेली, वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले. मी अभिमानाने दाखवलं, बघा, सगळीकडे रेघा आहेत. त्यांनी रेघांकडे बघितलंसुद्धा नाही. पाना मागितला आणि प्रत्येक नटाला लावायला सुरुवात केली. मला मनातून राग आला. तीन तास ते आडवे पडून होते. पंपाजवळच्या नटाला पाना लावला आणि तो फिरला. पाव फेरा, मग आणखी पाव. रेघ मधोमध तुटून नटाबरोबर निघाली. म्हाताऱ्यांनी काही म्हटलं नाही, फक्त टॉर्क रेंचसाठी हात पुढे केला. नट आवळला, जुनी लाख नखाने खरवडली, आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी डिप्लोमावाला, शॉपमध्ये वाढलेला, वहीत तास लिहिणारा. हजारदा त्या नटाकडे मी बघितलं असतं तरी मला रेघच दिसली असती. तो हवेत सुटला असता की नाही, कुणास ठाऊक. त्या रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी ताट थांबेल.’

तेव्हा रविवारी मुलाचा फोन आला की ‘काळजी घे’ म्हणू नका, त्याला तो ‘हो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. असं विचारा: तुझं विमान तपासायला कोण कोण आलं? किती वेळा आलं? त्यांनी काय काढलं? ‘काही निघालं नाही’ म्हणाला तर सांगा, पुन्हा बोलाव, दुसऱ्याला बोलाव. आणि नटांना हाताने पाना लावून बघितला का, हेही विचारा. तुम्हाला हे कुठून कळलं म्हणून तो चक्रावेल. माझं नाव सांगू नका.

सूनबाई बोलत नाहीत म्हणता. त्यांनी बार धरला असेल तर पंखांबद्दल त्यांना विचारा. आमच्या घरी तरी पंखांबद्दल मीही तिलाच विचारतो.